उपास-प्रार्थना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यजमानांची कंपनी बंद पडून चार महिने झाले. मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे. देवावर भार टाकून २१ दिवस नुसत्या पाण्यावर उपास करावा असे मनात आहे. सकाळची लोकल पकडून मी कामालाही जाते. कसे जमवावे?
— एक भगिनी, मुलुंड

उत्तर : ताई, २१ दिवस पाण्यावर राहू नका. बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याचा दाखला देऊन असे उपास सुचवले जातात. पण दानीएल १०:२-३ नीट वाचा. त्याने तीन आठवडे पक्वान्न, मांस आणि द्राक्षारस सोडला होता. सगळे अन्न सोडले असे तिथे म्हटलेले नाही. एस्तेर राणीने अन्नपाणी दोन्ही सोडले ते तीन दिवस, आणि शूशन नगरातले सगळे यहूदी तिच्यासोबत उपाशी होते.

तुम्ही आठवड्यातून एकच दिवस घ्या आणि तोही सुट्टीचा. गर्दीच्या डब्यात उपाशीपोटी उभे राहणे नको. आदल्या रात्री जेवायचे, ते दुसऱ्या रात्री उपास सोडायचा. असे सहा आठवडे करा. शेवटचा दिवस आधीच ठरवा, नाहीतर उत्तर मिळेपर्यंत ओढत नेण्याचा मोह होतो.

उपास बिघडतो तो बहुधा चहामुळे. रोज चार कप घेणाऱ्याने एकदम बंद केले की दुपारपर्यंत डोके ठणकू लागते आणि प्रार्थनेत मन राहत नाही. म्हणून तीन-चार दिवस आधीपासून रोज एकेक कप कमी करा. पाणी दर तासाला एक ग्लास प्या. लिटरभर एकदम नको. उकाड्यात घाम फार जातो, तेव्हा लिंबू-मिठाचे पाणी घ्यायला हरकत नाही. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छाती धडधडू लागली, तर तिथेच सोडा. त्याने देवाचा अपमान होत नाही. रात्री आधी वाटीभर पेज किंवा मऊ वरणभात घ्या, अर्ध्या तासाने बाकीचे. वडे-भजी त्या रात्री नकोत.

स्वयंपाकाचा वाचलेला वेळ प्रार्थनेला गेला नाही, तर उरते ती नुसती उपासमार. सकाळी वीस मिनिटे बायबलमधले स्तोत्र ७७ मोठ्याने वाचा. ‘देव कृपा करायला विसरला काय?’ असे विचारण्याची मुभा त्यातच आहे. दुपारी वही घेऊन फी किती, भाडे किती, कर्ज कोणाचे, असे आकड्यांसह देवापुढे मांडा. मोघम मागणी मनातच विरते. संध्याकाळी तिघांनी एकत्र बसा; यजमानांना उपासाची सक्ती मात्र करू नका.

‘इतके दिवस उपाशी राहिले, आता दे’ हा सौदा मनात शिरतो, तिथे फार जपा. यशया ५८ मध्ये लोकांची हीच तक्रार आहे : आम्ही उपास केला, तू पाहिले का नाहीस? त्यावर देव त्यांना कामकऱ्यांवर चालवलेला जुलूम दाखवतो आणि भुकेल्याला भाकर द्यायला सांगतो. तुमच्या वाट्याचे त्या दिवशीचे जेवण अडचणीतल्या कुणाला तरी पोचवा.

आणि एज्रा ८ वाचाच. यरुशलेमेला परतणाऱ्या लोकांच्या रक्षणासाठी राजाकडे स्वार मागायची लाज वाटली म्हणून याजक एज्राने अहवा नदीकाठी उपास नेमला. मग सोने-रुपे तोलून बारा प्रमुख याजकांच्या हाती सोपवले आणि यरुशलेमेत पोचल्यावर पुन्हा तोलले. देवावर भिस्त आणि चोख हिशेब एकाच अध्यायात आहेत. तेव्हा थकीत पगार, पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे कागद याच आठवड्यात लावून घ्या, कॉलेजला हप्त्यांसाठी अर्ज द्या आणि चर्चच्या पाळकांना नेमका आकडा सांगून मंडळीत मदतनिधी आहे का ते विचारा. मागण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : नऊ दिवस उपास-प्रार्थना करूनही आई कॅन्सरने गेली. मंडळीतले म्हणतात, विश्वास कमी पडला. खरे का?
— एक वाचक, दहिसर

उत्तर : नाही. असे म्हणणाऱ्यांनी तुमच्या दुःखावर आणखी दुःख चढवले आहे. २ शमुवेल १२ मध्ये दावीद राजाने आजारी बाळासाठी उपास केला, रात्री जमिनीवर पडून काढल्या. सातव्या दिवशी बाळ गेले. तो उठला, आंघोळ केली, परमेश्वराच्या मंदिरात गेला आणि घरी येऊन जेवला. त्याचा विश्वास तोकडा होता असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवले होते, आणि तो टळला नाही.

सध्या नवा उपास धरू नका. दुःखात भूक तशीही मरते, म्हणून वेळेवर दोन घास खा. प्रार्थना सुचत नसेल तर स्तोत्र ८८ वाचा. शेवटपर्यंत त्यात दिलासा नाही, तरी ती प्रार्थनाच आहे.

प्रश्न : बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाते. मिस्सेपूर्वी (उपासनेपूर्वी) पाणी प्यायले तर कम्युनियन (प्रसादाची भाकर) घेतलेले चालते का?
— एक वाचक, बांद्रा

उत्तर : चालते. कॅथलिक नियमाने कम्युनियनपूर्वी एक तास खाणेपिणे वर्ज्य आहे. पाणी आणि औषध यांना सूट आहे. वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना तासाचेही बंधन नाही.

प्रश्न : बाबांना मधुमेह आहे, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. गुड फ्रायडेला कडक उपास करणार आणि गोळीही घेणार नाही, देव सांभाळेल, म्हणतात.
— एक कन्या, अंधेरी

उत्तर : प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले (१ तीमथ्य ५:२३). उपचार घेणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे बाबांना तिथून दाखवा.

ही गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिले तर साखर धोकादायक उतरू शकते. गोळी मनाने बंद केली तर ती चढते. म्हणून आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारा. त्यांनी नको म्हटले तर नकोच. साधे शाकाहारी जेवण वेळेवर घ्यावे आणि त्या दिवसापुरता टीव्ही व मोबाइल सोडावा.

हात थरथरणे, गार घाम, विनाकारण चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची चिन्हे. ग्लुकोमीटरवर साखर ७० च्या खाली असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, तरीही कमी असेल तर पुन्हा तेवढीच द्या. सावरले की जेवायला द्या. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका, थेट इस्पितळ गाठा. दुपारी १२ ते ३ च्या उपासनेला जाणार असतील तर त्यांना बाकाच्या कडेला बसवा, तुम्ही शेजारी बसा आणि ग्लुकोजची पुडी त्यांच्या खिशातही ठेवा, तुमच्या पर्समध्येही.