सौर कंपनीचे एकवीस लाख आणि सातबारावरची चार नावे

बीडमधील एका अनुदानित शाळेतील ५२ वर्षांचे शिक्षक लिहितात: "पाटोदा तालुक्यात आमची ९ एकर वडिलोपार्जित डोंगराळ जमीन पडीक आहे. गावी राहणाऱ्या धाकट्या भावाच्या तीसेक शेळ्या तिथे चरतात, बाकी उत्पन्न नाही. एक सौर कंपनी २९ वर्षांच्या भाडेपट्ट्यासाठी एकरकमी २१ लाख देत आहे. मी पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून दिली असून २ लाख इसार मिळाला आहे. सातबारावर आम्हा दोघा भावांची व दोन बहिणींची नावे आहेत, पण बहिणी हक्कसोड करून देतील, त्यांनी आजवर काही मागितलेले नाही. डोंगरावरचे जुने चर बुजवून जमीन सपाट करण्याचा खर्चही कंपनी करणार आहे. खाली भावाची विहीर आहे, तिला अडचण नाही. इसारातून मी बँकेने सुचवलेल्या हमी योजनेचा पहिला हप्ता भरला: वर्षाला २ लाख, १० वर्षे, आणि पंधराव्या वर्षाअखेर ३० लाख करमुक्त. उरलेले १९ लाख पुढच्या हप्त्यांसाठी ठेवावेत की म्युच्युअल फंडात एसआयपी करावी? मुलगी बीएएमएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फी वर्षाला ३ लाख."

सर, योजनेचा निकाल आधी लावू, कारण तिथे मुदत चालू आहे. वीस लाखांचे तीस लाख म्हणजे दीडपट, हे ऐकायला गोड वाटते. पण हप्ते दहा वर्षे भरून पैसे पंधराव्या वर्षाअखेर मिळत असतील, तर परतावा वर्षाला जेमतेम चार टक्के पडतो. पीपीएफचा दर २०२० पासून ७.१ टक्के आहे आणि तोही करमुक्तच. शिवाय तुम्ही ५८ व्या वर्षी निवृत्त होणार, म्हणजे शेवटचे चार हप्ते पगार थांबल्यावर भरायचे आणि पैसे ६७ व्या वर्षी पाहायचे, तर मुलीची फी मात्र पुढच्या जूनपासूनच उभी. ज्या घरात पुढच्या तीन वर्षांत नऊ लाखांची फी ठरलेली आहे, त्या घराच्या गळ्यात पंधरा वर्षांची योजना मारणाऱ्याला सल्लागार म्हणण्याची माझी तयारी नाही. ही योजना म्हणजे विमा पॉलिसी आहे, आणि पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमासंरक्षणाचा आकार वजा होऊन उरलेली रक्कम मिळते. हे पत्र वाचून होताच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बँकेतले साहेब "एक वर्ष थांबून पाहा" म्हणतील, तर ते वर्ष तुमच्या खर्चाने जाईल हे लक्षात ठेवा.

ही घाई आणखी एका कारणासाठी. भरलेले २ लाख तुमचे नाहीत.

सातबारावर चार नावे समान हिश्शाने असतील, तर २१ लाखांत तुमचा वाटा सव्वापाच लाखांचा आहे. सामाईक गटातील एकट्या हिस्सेदाराने संपूर्ण गट २९ वर्षांसाठी बांधून दिला, तर तो करार इतर तिघांवर बंधनकारक नाही. आणि एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत नसेल, तर नोटरीच्या शिक्क्याने त्याला भाडेपट्ट्याचे बळ येत नाही. आज तुमच्याकडे करार नाही, कंपनीला परत करायचे २ लाखांचे देणे आहे. बहिणींच्या हक्कसोडीबद्दल तुम्ही ज्या सहजतेने लिहिले आहे, ते वाचून मी थांबलो. हक्कसोडीने बहीण केवळ या भाड्यातला वाटा सोडत नाही, जमिनीवरचा हक्क कायमचा सोडते. तिसाव्या वर्षी जमीन मोकळी झाली तरी तिच्या मुलांना त्यात काही नसेल. तिला सव्वापाच लाखांचा आकडा सांगितलेला आहे का? न सांगता घेतलेल्या सहीला पुढे दिवाणी न्यायालयात आव्हान मिळू शकते, आणि ९ एकरांच्या वाटपाचा दावा तुमच्या निवृत्तीहूनही लांबू शकतो. चौघांनी मिळून भाडेपट्टा करावा, हक्कसोडीची गरजच नाही.

यात तुमचाही फायदा आहे. डोंगरातली जमीन असल्याने हे उत्पन्न करमुक्त आहे, असे गावाकडे सर्रास धरले जाते. शेतीबाह्य वापरासाठी दिलेल्या जमिनीचे भाडे हे शेतीउत्पन्न नव्हे. एकरकमी रकमेवर कर कसा बसेल हे कराराच्या शब्दांवर ठरेल आणि ते सनदी लेखापालाला दाखवावे लागेल. पण तुमचा पगार अकरा लाखांच्या आसपास धरला आणि सगळी रक्कम एकाच वर्षी तुमचे उत्पन्न मानली गेली, तर नव्या करप्रणालीत कर पाच लाखांच्या वर जातो. चौघांत वाटली गेली, तर तुमच्या वाट्याला लाख-सव्वालाख येईल आणि दुसरे उत्पन्न नसलेल्या बहिणींना बहुधा काहीच नाही.

आता भाव. २१ लाख भागिले ९ एकर भागिले २९ वर्षे, म्हणजे एकरी वर्षाला आठ हजार. रक्कम आधी हातात येते म्हणून न्यायाने हिशेब करू: सात टक्के व्याज धरले तर हे वर्षाला एकरी एकोणीस हजारांच्या बरोबरीचे होते, तेही २९ वर्षे एका पैशाची वाढ नसलेले. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील पावगडा हा आपल्यासारखाच दुष्काळी पठारी तालुका. तिथल्या सौर उद्यानासाठी शेतकऱ्यांनी जमीन विकली नाही, २८ वर्षांच्या भाड्याने दिली, आणि सुरुवातीचा दर एकरी २१ हजार होता, दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढीसह. शेतीपंपांना सौरवीज देण्यासाठीच्या आपल्याच राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी किमान सव्वा लाख, म्हणजे एकरी पन्नास हजार, आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर आहे. ती जमीन वीज उपकेंद्राच्या जवळची लागते, तुमचा माळ तसा नसेल, त्यामुळे पन्नास हजारांचा हट्ट धरू नका. पण निम्म्याची तरी मागणी करा. नऊ एकरांत साधारण दोन मेगावॅटचा प्रकल्प बसतो, त्यातून वर्षाला तीस लाख युनिट निघतात, आणि युनिटला तीन रुपये धरले तर कंपनीची विक्री नव्वद लाख होते. कंपनीचे भांडवल, कर्ज आणि देखभाल त्यातूनच जाते हे मान्य. तरी जमिनीच्या वाट्याला दोन टक्के येणे हा भाव नव्हे.

हा सगळा हिशेब तुमच्या पत्रातल्या एका शब्दावर उभा आहे: पडीक. शेजारच्या डोंगरावर पवनचक्की उभी राहते तेव्हा तिच्या पायाभोवतीचा तुकडा आणि रस्ता जातो, बाकी माळावर गवत आणि जनावरे राहू शकतात. सौर प्रकल्पाला मात्र चारी बाजूंनी कुंपण पडते. तुमच्या भावाकडे तीस उस्मानाबादी शेळ्या असतील, तर त्यात वीसेक माद्या धरा. ही जात जुळ्यांसाठी प्रसिद्ध आहे, तरीही जगून विकली जाणारी पंचवीस पिले आणि पिलामागे सहा हजार धरले तर वर्षाला दीड लाखाची उलाढाल होते. ती पूर्णपणे या ९ एकरांची नाही हे खरे. पण सौर कृषी वाहिनीसाठी ठिकठिकाणी गायरानेही दिली जात आहेत, त्यामुळे खाजगी माळावर चरायला मिळणे आता पूर्वीसारखे फुकट राहिलेले नाही. पावगड्यात भाडे जमीनमालकाला मिळाले, मेंढपाळाला आणि शेतमजुराला नाही. लडाखमध्ये पांगच्या पठारावरील सौर प्रकल्पाला चांगपा पशुपालकांचा विरोध आहे तोही कुरणांवरून. तुमच्या प्रकरणात मालक आणि मेंढपाळ एकाच आईची लेकरे आहेत, आणि भाडे ठरवताना त्यांपैकी एकालाच विचारले गेले.

चरांचे तर मला नवल वाटले. पाणलोट विकासात बालाघाटच्या उतारांवर खोदलेले सलग समतल चर पावसाचे पाणी अडवून मुरवण्यासाठी असतात. तिथे माती वीतभर, खाली मुरूम आणि काळा पाषाण. चर बुजवून, गवत खरडून माळ सपाट केला की पाणी मुरण्याऐवजी ओघळाने खाली धावेल, आणि खाली भावाची विहीर आहे असे तुम्हीच लिहिले आहे. विहिरीचे पाणी दोन महिने लवकर आटले तर रब्बीची ज्वारी आणि जनावरांचे पाणी दोन्ही अडचणीत येतात. नवी विहीर किंवा बोअर म्हणजे काही लाख. कंपनी हे काम "फुकट" करून देते, कारण त्याची किंमत दुसरा भरणार आहे. माळावरून वरच्या शेतांना जाणारी वहिवाटीची वाट कुंपणात गेली, तर शेजारी मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे धाव घेतील, आणि त्या अर्जात कंपनीबरोबर तुमचेही नाव असेल.

म्हणून क्रम असा ठेवा. दोन्ही बहिणींना आणि भावाला एकत्र बसवून नोटरीचा कागद वाचून दाखवा. सातबारावर भोगवटादार वर्ग-२ (हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेली जमीन), इनाम किंवा मदतमाशचा (इनामाचाच एक जुना प्रकार) शेरा असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना पुढे एक पाऊलही टाकू नका. मग चौघांच्या नावाने कंपनीला लिहा: माथ्यावरचा सपाट पाच-सहा एकरांचा तुकडाच मिळेल, चर, उतार आणि वाट कुंपणाबाहेर राहतील, भाडे दरवर्षी, वाढीसह आणि प्रत्येकाच्या खात्यावर वेगळे, दस्त नोंदणीकृत आणि त्याचा खर्च कंपनीचा, कंपनीने कर्जासाठी भाडेपट्ट्याचा हक्क गहाण ठेवला तरी जमीन गहाण पडणार नाही, आणि मुदतीनंतर खांब, काँक्रीट आणि पॅनल उचलून नेण्यासाठी आगाऊ अनामत. कंपनीला तीन महिन्यांच्या सूचनेवर बाहेर पडता येते आणि तुम्हाला २९ वर्षे नाही, असे कलम मसुद्यात बहुधा सापडेल; ते दोन्ही बाजूंना सारखे करून घ्या.

वार्षिक भाड्यातून तुमच्या वाट्याला येईल ते वर्षाला तीस-पस्तीस हजारांच्या घरात असेल. ते मुलीच्या फीला लावा, कमी पडेल ते शैक्षणिक कर्जातून घ्या. तिचे शिक्षण संपल्यावर निवृत्तीपर्यंत जी दोन-तीन वर्षे उरतील, त्यांत एसआयपीचा विचार करता येईल. कंपनी या अटींना तयार नसेल, तर पॉलिसीतून सुटलेल्या रकमेत वजावटीइतकी भर घालून तिचे २ लाख धनादेशाने परत करा आणि नोटरीचा कागद रद्द झाल्याचे लेखी घ्या.