करवंदं रममध्ये मुरत घातली, आठव्या दिवशी फेस आला. टाकून द्यायची का?

बुरशी नसेल तर लगेच टाकू नका, पण आत्ता उठा आणि झाकण सैल करा. आत वायू तयार होतोय. घट्ट झाकणाची काचेची बरणी त्या दाबानं फुटते. बाकीचं नंतर वाचा.

तुम्ही लिहिलंय, किलोभर करवंदं, एक खंबा म्हणजे ७५० मिलीची बाटली रम, पाव किलो साखर, आणि "दारूत काही नासत नाही असं सगळे म्हणतात, मग हे कसं झालं?" हे शेवटचं वाक्य मी आमच्या घरात माझ्या दिरांच्या तोंडून कित्येक वर्षं ऐकतेय. त्यामुळे उत्तर लांबणार.

मिठात काही नासत नाही असंही म्हणतातच. तरी किलोभर कैरीला चमचाभर मीठ घातलं तर लोणचं पावसाळ्यात बुरसतं. मीठ किती पडलं यावर लोणचं टिकतं. दारूचंही तसंच आहे, फक्त लोणच्याला कोणी विचारल्याशिवाय प्रमाण सांगतं आणि दारूच्या बरणीला "अंदाजानं ओत" म्हणतं.

मागच्या मे महिन्यात भाऊजींनी ५ लिटरची चिनी मातीची बरणी करवंदांनी गळ्यापर्यंत भरली. ३ किलो बसली. वर अर्धा किलो साखर, दोन खंबे रम, फडकं बांधून माळ्यावर. नवव्या दिवशी फडकं ओलं झालं होतं, वर पांढरा पापुद्रा आणि आंबूस वास. मी उघडून दाखवलं तर म्हणाले, "वहिनी, फेस म्हणजे मुरतंय." पंधराव्या दिवशी पापुद्र्यावर हिरवी बुरशी आली आणि ३ किलो करवंदं कचऱ्यात गेली. दोन माणसांनी सकाळभर काट्यातून तोडलेली करवंदं होती ती.

हिशेब मी त्याच दिवशी कागदावर मांडला होता, इथे पुन्हा मांडते. आपल्याकडची रम ४२.८ टक्क्यांची. म्हणजे ७५० मिलीच्या खंब्यात शुद्ध अल्कोहोल ३२१ मिली, दोन खंब्यांत ६४२. करवंदात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणजे ३ किलोत जवळपास अडीच लिटर. १०० ग्रॅम साखर विरघळली की साधारण ६० मिली जागा घेते, अर्ध्या किलोचे ३०० मिली झाले. दीड लिटर रम, अडीच लिटर फळातलं पाणी, ३०० मिली साखरेचे: ४.३ लिटर. त्यात ६४२ मिली अल्कोहोल म्हणजे फक्त १५ टक्के. वाईनचं यीस्ट, म्हणजे साखर खाऊन अल्कोहोल आणि वायू करणारे सूक्ष्मजीव, १४-१५ टक्क्यांपर्यंत आरामात जगतं. पोर्ट वाईनमध्ये आंबणं थांबवायला स्पिरिट घालतात तेव्हा ती १९-२० टक्क्यांवर नेऊन ठेवतात. जपानात घरी उमेशू घालतात, हिरव्या आंबट फळांचं; तिथे तर कायदाच आहे की २० टक्क्यांहून कमी तीव्रतेच्या दारूत घरी फळ मुरवायचं नाही, कारण आंबून नवीन दारू तयार होईल. २० हा आकडा असा आलेला आहे. मी २५ धरते.

दुसरी चूक त्याहून मोठी होती आणि ती भाऊजी अजून मान्य करत नाहीत. ५ लिटरच्या बरणीत ३ किलो करवंदांच्या फटी भरायलाच दोन लिटर द्रव लागतो. त्यांनी दीडच ओतला. वरचा चार बोटांचा थर उघडा राहिला. तळाची करवंदं शाबूत होती, नासलं ते वरूनच. लोणच्यावर तेलाचा थर का हवा हे ज्यांना कळतं त्यांनाही इथे ते सुचत नाही.

ती कृती त्यांनी कुठल्याशा व्हिडिओतून घेतली होती. जर्मनीत रुमटॉफ नावाचा प्रकार आहे, उन्हाळ्यापासून हंगामाप्रमाणे एकेक फळ रमच्या मडक्यात घालत जायचं आणि नाताळच्या सुमारास उघडायचं. तिथे त्यासाठी ५४ टक्क्यांची रम घेतात. आपण ४२.८ टक्क्यांची घेऊन तेवढंच फळ कोंबलं तर ती कृती आपल्याकडे फसणारच.

माझं प्रमाण: ७५० मिली रमला ५०० ग्रॅम फळ आणि १५० ग्रॅम साखर, याहून फळ जास्त नाही. करवंद असो की स्ट्रॉबेरी, शेवटी २५ टक्क्यांच्या आसपास येतं. बरणी दीड लिटरची घ्यावी, म्हणजे वर हवा कमी राहते. वजन काट्यावर करा. आपल्याकडे डोंगरातून करवंदं घेऊन येणाऱ्या मावशी मापानं किंवा द्रोणानं देतात, त्यावरून वजनाचा अंदाज हमखास चुकतो.

करवंदं काळी पण टणक हवीत. मऊ पडलेली, फुटलेली बाजूला काढून खाऊन टाका. देठ काढले की पांढरा चीक येतो, तो बरणीला आणि बोटांना चिकटतो. म्हणून देठ काढून रात्रभर सुपात पसरून ठेवायची, चीक सुकतो, सकाळी तीन पाण्यांनी धुवायची. मग सुती कापडावर पंख्याखाली पूर्ण कोरडी. थेंबभर पाण्यानं काय होतंय म्हणू नका, अर्धा किलो ओल्या करवंदांबरोबर बरंच पाणी आत जातं. प्रत्येक करवंदाला टूथपिकनं दोन-तीन भोकं पाडा. कंटाळवाणं काम आहे, पण न टोचलेल्या फळात रम सावकाश शिरते आणि तोवर मधला गर तसाच राहतो.

साखर पहिल्या दिवशी घालू नका. साखर फळातलं पाणी ओढते, रम आत जायच्या आधी करवंद सुरकुतून कडक होतं. आधी फळ आणि रम एक आठवडा, मग खडीसाखर, तीही फोडून. ती हळू विरघळते. एक दिवसाआड बरणी हलवायची, साखर संपली की हात लावायचा नाही. फळ तरंगतं, म्हणून वर काचेची छोटी वाटी उपडी घालून ते दाबून ठेवा आणि रम फळाच्या वर दोन बोटं राहू द्या. ॲल्युमिनियम, पितळ, तांबं अजिबात नको, करवंदाचा आंबटपणा धातू खातो. जुनी रंगीत चिनी मातीची बरणीही नको. तिच्या लुकणात, म्हणजे वरच्या चकचकीत थरात, शिसं असू शकतं, आणि आम्ल व अल्कोहोल मिळून ते काढतात. काचेची बरणी, रबराच्या कड्याचं काचेचं झाकण, अंधारं कपाट. उजेडात करवंदाचा लाल रंग दोन महिन्यांत विटकरी होतो.

गूळ चालेल का, हे तुम्ही कोल्हापूरचे म्हणून विचारलंत. चालतो, जांभळाला आणि अननसाला चांगला लागतो. किसून कोरडाच घाला, १२० ग्रॅम पुरे. पाण्यात विरघळवून पाक घातलात की तीव्रता पुन्हा खाली. गुळातली माती-राख तळाशी बसते, शेवटी दुहेरी मलमलीतून गाळा.

रम कुठली, यावर मतं फार. माझं मत असं की करवंदाला काळी रम वाया जाते. ओल्ड मंकसारख्या रमचा व्हॅनिला-कॅरॅमलचा वास करवंदाचा वास खाऊन टाकतो. पांढरी रम किंवा साधी व्होडका घ्या. काळी रम अंजीर, अननस, मनुका यांना. जांभळाच्या बिया काढा, नाहीतर तुरटपणा इतका उतरतो की जीभ जड होते, आणि बिया काढल्या तरी महिन्याभरात गाळून घ्या. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तीन आठवड्यांत पांढरट होते, तिचा अर्कच ठेवायचा, फळ फेकायचं. सांगली-तासगावची द्राक्षं चांगली टिकतात, पण खायचा सोडा घातलेल्या पाण्यात भिजवून चोळून धुतल्याशिवाय घेऊ नका. पिकल्या हापूसचा लगदा होतो, त्याच्या वाटेला जाऊ नये. घ्यायचाच तर तोतापुरी, अर्धा पिकलेला. सीताफळ तर मुळीच नाही. करवंदं दोन महिन्यांनी खायला तयार, चार महिन्यांनी अजून चांगली.

आता तुमची बरणी. ३२१ मिली अल्कोहोल, एकूण द्रव ७५० अधिक साधारण ८२० अधिक १५०, म्हणजे १७२० मिली. साडेअठरा टक्के. भाऊजींच्या बरणीपेक्षा बरी, म्हणून तुमची वाचू शकते. वास घ्या. पावासारखा किंवा ताकासारखा हलका वास, नुसते बुडबुडे, पापुद्रा नाही: वरची उघडी राहिलेली करवंदं काढून टाका, एक हाफ म्हणजे ३७५ मिली रम त्यात घाला. तीव्रता २३ टक्क्यांच्या आसपास जाते आणि आंबणं थांबतं. पूर्ण खंबा घातलात तर २५ च्या वर. वाटीनं फळ दाबा. तीन-चार दिवस झाकण सैलच ठेवा. व्हिनेगरसारखा झोंबणारा वास असेल तर विषारी नाही, पण चव गेली, तिचं काही होत नाही. बुरशीचा एक ठिपका जरी असेल तर सगळी बरणी टाका. वरचं काढून खालचं ठेवू नका. भोकं पाडल्यावर पहिल्या दोन दिवसांत जे बारीक बुडबुडे येतात ते फळातल्या हवेचे असतात, त्यानं घाबरायचं नाही. आणि आत जेलीसारखे पांढरट तंतू दिसले तर ते करवंदातलं पेक्टिन, अल्कोहोलमध्ये ते साकळतं. गाळलं की गेलं.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. सीलबंद बाटलीतलीच दारू वापरा. हातभट्टी, सर्जिकल स्पिरिट, सॅनिटायझर, पॉलिशचं स्पिरिट यांत मिथेनॉल किंवा दुसरं विष असू शकतं, त्यानं दृष्टी जाते, जीवही जातो. फळ मुरवताना तेवढं मिथेनॉल तयार होत नाही, धोका बाटलीतच असतो. महाराष्ट्रात दारू घ्यायला-बाळगायला परवाना लागतो आणि रम-व्होडकासाठी वय २५ पूर्ण हवं. गोव्याहून फोंडा किंवा आंबोली घाटानं बिगरपरवाना बाटल्या आणणं गुन्हा आहे, "स्वस्त पडतं" हा युक्तिवाद तिथे चालत नाही. घरी केलेलं विकणंही गुन्हाच.

मुरलेल्या फळालाही हलक्यात घेऊ नका. १०० ग्रॅम फळात सुमारे २० मिली अल्कोहोल राहतं, म्हणजे वाटीभर करवंदं हा दीड लहान पेग आहे. "फळच आहे" म्हणून मुलांच्या हातात, गरोदर बाईला, गाडी चालवणाऱ्याला किंवा साखरेच्या, यकृताच्या गोळ्या चालू असलेल्याला देऊ नका. आमच्याकडे एका जेवणात भाऊजींनी ती आइस्क्रीमवर घालून सगळ्यांना वाढली होती, तेव्हापासून बरणीवर चिठ्ठी लावते: फळाचं वजन, रम किती मिली, साखर, तारीख, आणि खाली मोठ्या अक्षरात "मुलांना नाही".

यंदा त्यांनी काटा आणलाय आणि ५०० ग्रॅम मोजून घेतली, प्रमाण माझंच हे मात्र कबूल करत नाहीत. तुमच्या बरणीचं तोंड किती रुंद आहे आणि रम फळाच्या किती खाली राहिलीय ते लिहा, म्हणजे वाटीनं दाबायचं की दोन बरण्यांत वाटायचं ते सांगते.