रक्तात मॅग्नेशियम नॉर्मल आहे, तरी शरीरात कमतरता असू शकते का? आणि ते कशातून मिळतं?

हो, असू शकते. प्रौढ शरीरात साधारण 25 ग्रॅम मॅग्नेशियम असतं. निम्म्याहून जास्त हाडांत, रक्तद्रवात 1 टक्क्याहूनही कमी. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे साठा पुरेसा आहेच असं नाही. पेशीतली ऊर्जा वापरायला, स्नायू सैल व्हायला, हृदयाचे ठोके नियमित राहायला ते लागतं. रक्तातलं पोटॅशियम कमी असेल आणि ते देऊनही वाढत नसेल, तर मॅग्नेशियम तपासतात. ॲसिडिटीच्या गोळ्या (ओमेप्राझोलसारख्या) वर्षभर चालू असतील किंवा लघवी वाढवणारी औषधं असतील, तर मॅग्नेशियम घटू शकतं.

रोजची गरज ढोबळमानाने 300 ते 400 मिलिग्रॅम. 100 ग्रॅम ज्वारी, बाजरी किंवा नाचणीत सव्वाशे-दीडशे मिलिग्रॅम मिळतं, पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम 20. कोंड्याबरोबर बाकीचं निघून जातं. मूठभर भोपळ्याच्या बियांत दीडशेच्या आसपास, तेवढ्याच बदामांत 80. पालक उकडून पाणी ओतून देऊ नका, काही मॅग्नेशियम त्यात उतरतं, ते पाणी आमटीत घाला. गोळीच घ्यायची तर मॅग्नेशियम ऑक्साइड स्वस्त, पण कमी शोषलं जातं आणि जुलाब होऊ शकतात; शोषणाच्या दृष्टीने मॅग्नेशियम सायट्रेट बरं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी अजिबात नको, कारण जादा मॅग्नेशियम बाहेर पडत नाही.