१४ मेगाहर्ट्झवर मोर्स दुहेरी ऐकू येतंय: डोंगर नव्हे, लांबचा मार्ग

प्रश्न असा : साताऱ्यात लंडनच्या हॅमचं (हौशी रेडिओचालकाचं) मोर्स ऐकताना प्रत्येक टिंबामागे एक पुसट टिंब येतं. हा अजिंक्यताऱ्याचा प्रतिध्वनी की रिसीव्हरचा बिघाड?

बहुधा दोन्ही नाही. डोंगरावर आपटून आलेली लहर पाच किलोमीटर जादा फिरली तरी उशीर जेमतेम १७ मायक्रोसेकंदांचा. तो कानाला कळतच नाही.

तोच सिग्नल पृथ्वीच्या उलट्या बाजूने, लांबच्या मार्गानेही येत असावा. हिशेब करून बघा. सातारा–लंडन जवळचा मार्ग साधारण ७,४०० किमी. पृथ्वीचा घेर ४०,०००, म्हणून न्यूझीलंडकडून येणारा उलटा मार्ग ३२,६००. फरक २५,२०० किमी, म्हणजे प्रकाशाच्या वेगाने ८४ मिलिसेकंद. मिनिटाला २० शब्दांच्या मोर्समध्ये टिंब ६० मिलिसेकंदांचं आणि पुढची मोकळी जागाही तेवढीच. दुसरं टिंब नेमकं त्या मोकळ्या जागेत सुरू होतं, म्हणून अक्षरं चिकटल्यासारखी वाटतात. उशीर १३८ मिलिसेकंदांच्या आसपास निघाला, तर लहर पृथ्वीप्रदक्षिणा करून आलीय.

मोजायला रिसीव्हर केबलने लॅपटॉपला जोडा, आवाजाची वेव्ह फाइल करा आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका टिंबाच्या सुरुवातीपासून पुसट टिंबाच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ बघा. एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय) बंद ठेवून आरएफ गेन, म्हणजे रिसीव्हरची संवेदनशीलता, उतरवा. एजीसी चालू असेल तर जोरदार टिंबानंतर रिसीव्हर क्षणभर बहिरा राहतो आणि मागचं टिंब गिळतो. खरखर कापणारा नॉइज ब्लँकरही बंद. चार-पाच टिंबांवर आकडा तोच आला पाहिजे. यागी (एकाच दिशेला जास्त ऐकणारा अँटेना) असेल तर वायव्येकडून आग्नेयेला फिरवा. पुसट टिंब ठळक झालं की शंका मिटली. साध्या डायपोल अँटेनावर ही परीक्षा होत नाही, तो पुढून-मागून सारखंच ऐकतो.

खरं नवल पुढे आहे. लहरी वळवून जमिनीकडे परत पाठवणाऱ्या आयनोस्फियरच्या एफ थरावरून एक उडी फार तर ४,००० किमीची, म्हणजे लांबच्या मार्गाला किमान नऊ उड्या. दर उडीला त्याखालचा, सिग्नल शोषणारा डी थर दोनदा ओलांडायचा, जमिनीवरही शक्ती जायची. एवढं सोसून सिग्नल उरायलाच नको. पण विषुववृत्ताच्या आजूबाजूला आणि दिवस-रात्रीच्या सीमेवर एफ थर कललेला असतो. तिथे वळलेली लहर खाली न उतरता थराच्या पोटाला लागून पुढच्या वळणापर्यंत जाते. जमीन टळते, डी थरही टळतो. म्हणूनच सूर्य उगवता-मावळताना हे प्रतिध्वनी जास्त मिळतात.

मोजणी मात्र सूर्यास्ताआधी उरका. अंधार पडल्यावर आपल्या अक्षांशांवर बऱ्याच रात्री एफ थर फाटल्यासारखा होतो, सूर थरथरतो आणि टिंबाची कडाच हाती लागत नाही.