पावती घे

पोरी,

परवा फोनवर म्हणालीस, "काका, पक्षाची माणसं देणगी म्हणून पाच लाख मागतायत. सगळेच देतात म्हणे." मागे प्रेस धडधडत होती, मी नुसतं 'बघू' म्हणालो. ते चुकलंच.

पावती घे. पावती मिळत नसेल तर एक रुपया देऊ नकोस. संचालक मंडळाचा ठराव, चेक आणि नफा-तोटा पत्रकात पक्षाचं नाव. कंपनी कायद्याचं १८२ वं कलम काढ. सीएला विचारत बसू नकोस, स्वतः वाच. सुरू होऊन तीन आर्थिक वर्षं न झालेल्या कंपनीला पक्षाला देणगी देताच येत नाही. तुमची प्रायव्हेट लिमिटेड होऊन दोनच वर्षं झालीत ना? मग तेच सांग. पक्षाचा माणूस हसून म्हणेल, "मग रोख द्या की." उठायची वेळ तीच.

हा घोळ जुना आहे. १९५७ साली टाटा स्टीलला पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीच्या घटनापत्रात, बदल हवा होता. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागलांनी तो मंजूर केला, पण यातून लोकशाहीचा गळा घोटला जाऊ शकतो असंही बजावलं. १९६९ ला कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ ला उठली. मधल्या काळात पैसा काय घरी बसला होता? मग २०१८ चे निवडणूक रोखे, बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायचे. कोणी कोणाला दिलं ते मतदाराला कळू नये, अशी कायदेशीर सोय. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला ते रद्द केले आणि महिन्याभरात नावांच्या याद्या बाहेर पडल्या. बड्याबड्यांची पावती अशी उशिरा फाटली.

आता माझं. १९९५ ची निवडणूक. फरसाणाच्या पिशवीत चाळीस हजार एका पुढाऱ्याला नेऊन दिले आणि वहीत 'किरकोळ दुरुस्ती' लिहिलं. दोन महिन्यांनी आमच्या असोसिएशनचं शिष्टमंडळ विजेचं रडगाणं घेऊन त्याच माणसाकडे गेलं. बोलायचं मला होतं. त्याने सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात टाकला, "हे तर आपलेच!" माझी जीभ टाळ्याला चिकटली. निवेदनाच्या प्रतीवर पोचेचा शिक्कासुद्धा मागितला नाही मी.

सरकारदरबारी मागणं मांडण्यात लाज कसली? चारचौघांत जा, लेटरहेडवर लिहून ने, पोच घे. फक्त मागणं आणि देणगी एका पिशवीत घालू नकोस. पैशाला पावती, निवेदनाला पोच. कितीदा सांगू?

मी दिले कशाला, असं विचारशील. बत्तीस माणसं कामाला होती गं. रोज चार-चार तास लाइट नाही, बँकेचा हप्ता डोक्यावर. तुझ्या बाबांनी तेव्हा दिले नाहीत, हे खरंय. पण त्यांच्याकडे जनरेटर होता, हेही लक्षात ठेव.

तो शुक्रवारी येणार ना? मी गुरुवारी संध्याकाळीच येतो. मिनिट बुक, ती ठरावांची वही, टेबलावर काढून ठेव, कोरं असलं तरी चालेल.

तुझा,
काका