कोकण किनाऱ्यावर एखाद्या बेटावर सामान्य लोकांसाठी उभं राहिलेलं मोठं रुग्णालय आहे का? ते कसं वाढलं?

आहे की. तुम्ही त्याच्या दारावरून गेलाही असाल. परळचं केईएम, म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल.

हसू नका. मुंबई कोकणातच येते आणि परळ हे मूळच्या सात बेटांपैकी एक. पुढे भराव पडला, बेटं सांधली गेली, एवढंच. आमच्या गुहागरकडे तर पेशंट हाताबाहेर जायला लागला की आजही कोणीतरी म्हणतंच, "केईएमला हलवा."

त्याच्या जन्माची गोष्ट मोठी गमतीची आहे. मुंबईत जेजे रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 पासून होतं, पण तिथल्या वरच्या जागा गोऱ्या साहेबांच्या. आपला डॉक्टर विलायतेहून शिकून आला तरी हाताखालीच राबायचा. म्हणून शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी नव्या कॉलेजसाठी देणगी देताना अटच घातली, की नेमणुका भारतीयांच्याच होतील. पालिकेने ती मानली आणि 1926 मध्ये त्या कॉलेजला जोडून रुग्णालय सुरू झालं. नाव सातव्या एडवर्ड बादशहाचं आणि नोकरीत साहेबालाच मज्जाव! पहिले डीन डॉ. जीवराज मेहता. गांधीजींवर उपचार करणारे हेच, आणि 1960 मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्रीही हेच.

वाढलं मात्र ते गिरणगावामुळे, म्हणजे भोवतीच्या कापडगिरण्यांच्या वस्तीमुळे. लालबाग-परळच्या चाळींत गावागावाच्या खोल्या होत्या. गावचा आजारी माणूस बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचा, गावाच्या खोलीवर टेकायचा आणि सकाळी केईएमच्या रांगेत. 1982 च्या गिरणी संपानंतर गिरण्या गेल्या, रांग राहिली. 1986 मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांनी इथेच टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घातली, तेव्हा देशभर नाव झालं. आज खाटा 1,800 च्या आसपास आहेत, तरी जमिनीवर गाद्या पडतातच.

पहाटे परळ डेपोत रातराणी एसटी लागली की बघा. एक्सरेची पिशवी छातीशी धरलेला भाऊ, मागे शाल गुंडाळलेली आई, आणि केसपेपर आधी मिळावा म्हणून पुढे पळालेला पुतण्या. दुपारी हीच मंडळी जिन्याखाली चटई टाकून डबा खाताना दिसतील.

आता अलिबाग, सिंधुदुर्ग, रत्नागिरीला सरकारी मेडिकल कॉलेजं झाली, पण ती 2021 पासून पुढे. तोवर जिल्ह्यातून चिठ्ठी मिळायची ती मुंबईचीच.