दुर्खाइम वाचताय ना, मग आधी यवतमाळला जाऊन या

अरे मित्रा, थिअरी वाचून लगेच सगळ्यावर चिकटवायला जाऊ नकोस, सुरुवातीला मीही तेच करायचो. एकच प्रश्न घे आणि त्यावर धर. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्या घे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खाइमचं आत्महत्येवरचं पुस्तक 1897 चं, पण त्यातला एक मुद्दा आजही हलवून सोडतो, की नुसत्या गरिबीने माणूस तुटत नाही, आयुष्याचा हिशोबच अचानक कोलमडला की तुटतो, आणि हे मंदीत होतं तसं तेजीतही होतं. आता कापसाकडे बघ. 2002 ला बीटी बियाणं आलं, खर्च वाढला, आशाही वाढली, भाव मात्र कुणाच्याच हातात नाही. एका घरी गेलो होतो, पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस, भाव वाढेल म्हणून ठेवलेला, आणि त्यावरच पोरं झोपलेली. दुर्खाइम ज्याला अॅनॉमी म्हणतो, म्हणजे जगण्याचे नेहमीचे नियम-मर्यादाच सुटून जाणं, ते मला तिथं कळलं, लायब्ररीत नाही.

पण एक सांगतो, हे नीट लक्षात ठेव. दुर्खाइमने सरकारी आकडे जवळपास जसेच्या तसे घेतले, तू घेऊ नकोस. आपल्याकडे मदतीसाठी केस 'पात्र' की 'अपात्र' ठरते, सातबारा कुणाच्या नावावर ते बघतात, मग जिच्या नावावर जमीनच नाही ती बाई आयुष्यभर शेतात राबली तरी शेतकरी म्हणून मोजली जाणं अवघड. तिथं दुर्खाइम कमी पडतो, तिथून पुढे जमीन कुणाच्या हातात आणि का, हे कळायला आंबेडकर आणि मार्क्स काढ. आणि तलाठ्याशी बोल, बँकेच्या रांगेत उभा राहा, वही सोबत ठेव.